वाचक विचारतात : रुई कुठे कुठे आहे, ते नोंदवायचं कसं?

मागच्या अंकात आम्ही एक आवाहन केलं होतं, की रुई आपल्याला रोज दिसते, रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, धरणाच्या भिंतीवर, पण ती नेमकी कुठे आहे, कुठली जात आहे, हे लिहून ठेवणारं कोणी नाही, तर या उन्हाळ्यात आपापल्या तालुक्यातली रुई नोंदवा. त्यावर खूप पत्रं आली, मेल आले, काहींनी तर नुसते फोटोच पाठवले. त्यातले बरेच प्रश्न सारखे होते म्हणून निवडक प्रश्न घेऊन इथे उत्तरं देतेय.

आमच्याकडे जालन्यात दोन प्रकारची रुई दिसते. एकीची फुलं मोठी आणि जांभळट, दुसरीची लहान, पांढरी, टोकाला जांभळी आणि वास पण येतो. ही एकच जात आहे की दोन? (कॉलेजचा विद्यार्थी, जालना)

तू अगदी बरोबर पाहिलंयस, या दोन वेगळ्या जाती आहेत. मोठ्या फुलांची ती कॅलोट्रॉपिस जायगँटिया, तिचं फूल साधारण दीड इंचाचं, पाकळ्या सपाट पसरलेल्या नाहीतर मागे वळलेल्या. लहान फुलांची, वासाची ती कॅलोट्रॉपिस प्रोसेरा, तिच्या पाकळ्या वर उभ्या राहतात आणि टोकाला गडद जांभळा रंग असतो. कळी बघितलीस तर प्रोसेराची गोल असते, जायगँटियाची जरा लांबट. फळात तर फरक लांबूनच कळतो, प्रोसेराचं फळ फुगीर, कैरीएवढं गुबगुबीत, जायगँटियाचं निमुळतं आणि वाकडं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा, रंगावर जाऊ नका. जायगँटियामध्ये पूर्ण पांढऱ्या फुलांची झाडं असतात, ज्यांना आपण पांढरी रुई म्हणतो, आणि आलेल्या फोटोंमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे, फूल पांढरं दिसलं की प्रोसेरा लिहून टाकलंय. फुलाचा फोटो वरून न काढता बाजूने काढा म्हणजे पाकळी उभी आहे की पसरलेली ते दिसेल, जात तिथेच ठरते. त्यासोबत कळ्यांचा गुच्छ, पान, फळ असेल तर फळ, आणि थोडं मागे जाऊन अख्ख्या झुडपाचा एक फोटो. नुसतं पान असेल तर "रुई, जात नक्की नाही" एवढंच लिहा, तीही चांगली नोंद आहे, अंदाजाने जात लिहिलेली नोंद त्यापेक्षा वाईट.

आणि हे का करायचं तेही सांगते. प्रोसेरा ही मुळात कोरड्या मुलखातली, पश्चिम आफ्रिकेपासून अरबस्तान, राजस्थान असं करत आपल्यापर्यंत आलेला तिचा पट्टा आहे. जायगँटिया भारतापासून पूर्वेला आग्नेय आशियापर्यंत पसरलेली. म्हणजे आपण बरोबर अशा जागी राहतो जिथे दोघींच्या हद्दी एकमेकींवर चढल्यात, खान्देश, मराठवाडा, विदर्भात दोन्ही भेटू शकतात, कोकणात मात्र बहुतेक जायगँटियाच दिसेल. ही हद्द कुठून कुठे जाते हे तालुक्या-तालुक्याच्या पातळीवर बघायचं असेल तर ते तुझ्यासारख्या तिथेच राहणाऱ्या माणसाच्या नोंदीतूनच होणार आहे. जालन्यात एकाच माळावर दोन्ही शेजारी शेजारी सापडल्या तर त्या दोघींची वेगवेगळी नोंद कर, एकात गुंडाळू नकोस.

आठवी-नववीच्या मुलांना घेऊन हा उपक्रम करायचा आहे. मुलांनी वहीत नेमकं काय काय लिहावं? आणि चिकाने काही होत तर नाही ना? (शिक्षिका, सिन्नर)

ताई, आधी चिकाचं, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला खरोखर इजा होते, आणि घातक गोष्ट अशी की सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही, त्यामुळे मूल काही बोलत नाही आणि मग काही वेळाने धूसर दिसायला लागतं. म्हणून मुलांना पान-फूल तोडूच देऊ नका, नोंदीसाठी तोडायची काही गरजही नाही. तरी हाताला लागलाच तर साबणाने हात धुवायचे, तोपर्यंत डोळ्याला हात नाही. डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि दुखत नसलं तरी लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. हे निघायच्या आधी वर्गातच सांगा, पाण्याच्या बाटल्या आणि साबण बरोबर ठेवा.

आता वही. तारीख, नोंद करणाऱ्याचं नाव, गाव आणि त्या जागेची खूण (उदाहरणार्थ "पाझर तलावाच्या सांडव्याजवळ"), मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, झुडपं अंदाजे किती, फुलं आहेत का फळं आहेत का दोन्ही नाहीत, आणि जागा कशी आहे, म्हणजे रस्त्याची कड, बांध, पडीक, नदीपात्र, गायरान. एवढं असलं की नोंद पुरी. अक्षांश-रेखांश लिहिताना दशांश चिन्हानंतर चार आकडे लिहायला सांगा, चार आकड्यांनी जागा साधारण ११ मीटरपर्यंत कळते, दोनच लिहिले तर किलोमीटरभराचा फरक पडतो आणि मग ते झुडूप या गावचं की शेजारच्या गावचं तेच कळत नाही. गावाची खूण मात्र आकडे असले तरी लिहाच, कारण एक आकडा इकडचा तिकडे झाला तर खुणेवरूनच चूक सापडते.

जुन्या काळच्या नोंदी बघितल्या की याची किंमत कळते. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची सूची केली, १९०१ ते १९०८ मध्ये ती भागाभागाने निघाली, फार मोठं काम आहे ते, पण त्यात कितीतरी झाडांपुढे नुसतं "कोकण" किंवा "दख्खन" एवढंच. आज त्या जागी जाऊन झाड आहे का बघायचं म्हटलं तर जायचं कुठे? याउलट मुंबईत सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये किंवा पुण्याला बोटॅनिकल सर्व्हेच्या हर्बेरियममध्ये ज्या वाळवलेल्या नमुन्यांच्या चिठ्ठीवर गाव आणि तारीख आहे ते नमुने आजही कामाला येतात. तुमच्या मुलांची वही पण तशीच कामाला यावी असं मला मनापासून वाटतं. जमलं तर पुण्याच्या हर्बेरियमला पत्र लिहून मुलांची एक भेट ठरवता येते का विचारून बघा.

मोबाईलचं अजून एक, आणि हे फोटो पाठवणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्यातली जागेची आणि वेळेची माहिती निघून जाते, आमच्याकडे आलेले बरेचसे फोटो असेच आले, सुंदर फोटो आहेत पण कुठले ते कळायला मार्ग नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर सरळ आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका. आणि घरी येऊन अपलोड करताना नकाशावरचा ठिपका रानातच आहे ना ते बघा, कॅमेऱ्याचं लोकेशन बंद असेल तर घरची जागा चिकटायची शक्यता असते.

रेंज नसते तिथे काय करायचं? (धडगाव)

जीपीएसला नेट लागत नाही, उपग्रहावर चालतं. फोटो काढताना लोकेशन चालू ठेवा, उघड्यावर जरा थांबा म्हणजे जागा नीट पकडते, डोंगराच्या घळीत चूक जास्त येते. अपलोड नंतर गावात आल्यावर.

मी रोज सकाळी फिरायला जातो त्या रस्त्यावरची सगळी रुई नोंदवली. पण मुलगा म्हणतो यातून फक्त रस्त्याचा नकाशा तयार होईल, रुईचा नाही. हे खरं आहे का? (निवृत्त बँक अधिकारी, अलिबाग)

काका, मुलाचं म्हणणं खरं आहे, पण तुमची मेहनत वाया गेली असं अजिबात नाही. अडचण अशी आहे की रुईला मुळातच उकरलेली, मोकळी, उन्हाची जागा आवडते, गुरं तिला तोंड लावत नाहीत म्हणून चराऊ माळावर पण ती टिकते, आणि रस्त्याची कड म्हणजे तिला हवी तशी जागा. त्यात आपण पण रस्त्यानेच जातो. मग नकाशावर हायवेच्या बाजूने ठिपके आणि मध्ये सगळं कोरं असं होतं, आणि ते कोरं म्हणजे तिथे रुई नाही का तिथे कोणी गेलंच नाही हे सांगता येत नाही.

यावर उपाय म्हणजे चौकोन. तालुक्याच्या नकाशावर ५ किलोमीटर लांब-रुंद असे चौकोन आखायचे, म्हणजे एक चौकोन २५ चौरस किलोमीटरचा, हजारेक चौरस किलोमीटरचा तालुका असेल तर चाळीसेक चौकोन होतील, दहा-बारा जणांचा ग्रुप असला तर एका उन्हाळ्यात सहज बघून होतात. प्रत्येक चौकोनात रस्ता सोडून निदान दोन-तीन वेगळ्या प्रकारच्या जागा बघायच्या, एखादा माळ, एखादा ओढा, एखादं शेताचं बांध. तुमच्या अलिबागेत तर समुद्रकाठची वाळू आहे, खारजमिनीचे बांध आहेत, आतमध्ये डोंगर आहे, एवढी विविधता सगळ्यांच्या नशिबी नाही.

आणि जिथे नीट शोधून रुई सापडली नाही तिथे "शोधली, नाही" असं लिहा, किती वेळ शोधली तेही लिहा. लोक हे लिहीत नाहीत कारण त्यात दाखवण्यासारखा फोटो नसतो, पण माझ्या मते अशा "नाही"च्या नोंदीशिवाय पसाऱ्याचा नकाशा होतच नाही, नुसता भेटीगाठींचा नकाशा होतो. दाट जंगलात रुई नाही, सलग भातखाचरात नाही, हे सगळ्यांना माहिती असतं म्हणून कोणी लिहीत नाही, आणि उद्या जंगल तुटून तिथे रुई आली तर ती नवीन आली हे कशावरून सांगणार? त्यामुळे मुलालाच बरोबर घ्या, नकाशा आखायचं काम त्याला द्या.

मारुतीच्या देवळामागे लावलेली रुई धरायची का? (वाचक, लातूर)

धरा, पण "लावलेली" असं स्पष्ट लिहा. शनिवारच्या माळेसाठी देवळाजवळ रुई राखलेली असते, रथसप्तमीला पानं लागतात म्हणून अंगणातही कोणी ठेवतं, त्यामुळे रानातली आणि राखलेली वेगळी कळायला हवी. आयनॅचरलिस्टवर "वाइल्ड नाही" अशी खूण करायची सोय आहे, ती केली नाही तर लागवडीची नोंद जंगली नोंदीत मिसळते. देवळातल्या रुईच्या म्हाताऱ्या उडून पलीकडच्या पडीकात रोपं आली असतील तर ती मात्र जंगली धरायला हरकत नाही.

पांढऱ्या रुईबद्दल एक विनंती. तिच्या मुळात गणपती असतो या समजुतीने लोक झाडं मुळासकट उपटतात, मुळं विकली जातात. तुमच्या भागात पांढऱ्या फुलांचं झाड सापडलं तर नोंद जरूर करा पण नेमकी जागा सगळ्यांना दिसेल अशी टाकू नका, गावापर्यंतच ठेवा.

साताऱ्याकडच्या एका पठारावर मागच्या पावसाळ्यात कंदीलपुष्प दिसलं. ते पण रुईच्याच कुटुंबातलं आहे असं वाचलं. लोकेशनसकट ग्रुपवर टाकू का? (ट्रेकर, सातारा)

नाही, कृपा करून टाकू नका.

तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे, कंदीलपुष्पं म्हणजे सेरोपेजिया, ती रुईच्याच कुळातली, पूर्वी या कुळाला अॅस्क्लेपिएडेसी म्हणायचे, आता ते सगळं अपोसायनेसीत धरतात. उतरण, हरणदोडी, अनंतमूळ ही पण त्याच गोतावळ्यातली. पण रुई आणि कंदीलपुष्प यांची नोंद करायची पद्धत एकदम उलटी आहे. पांढरी सोडली तर रुईची जागा जितकी नेमकी आणि उघड तितकं चांगलं, कारण ती भरपूर आहे आणि तिला शोधून कोणी काही करत नाही. सेरोपेजियाच्या आपल्याकडच्या कितीतरी जाती जगात फक्त सह्याद्रीत आहेत, काही तर मोजक्या कड्यांवर आणि पठारांवरच, एखाद्या जागी हाताच्या बोटावर मोजण्याएवढी झाडं. खाली कंद असतो, तो खातात म्हणून उकरला जातो, गुरांच्या चरण्यात वेल जातो, आणि आता फोटोसाठी येणाऱ्यांचे पाय. फुलाचा फोटो काढायला माणूस गुडघे टेकतो तेव्हा आजूबाजूची न फुललेली रोपं खाली जातात, ती गवतासारखीच दिसतात, कळतही नाही. लोकेशन एकदा ग्रुपवर गेलं की परत घेता येत नाही.

मग नोंद करायचीच नाही का? करायचीच, आणि पूर्ण करायची, नेमक्या जागेसकट, फक्त ती सगळ्यांना दिसणार नाही अशी. आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या म्हणून नोंदलेल्या जातींची जागा आपोआप झाकली जाते, लोकांना साधारण २० किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दिसतो, खरी जागा आत सुरक्षित राहते. पण सगळ्या जाती त्या यादीत असतीलच असं नाही, म्हणून स्वतः सेटिंगमध्ये जाऊन "ऑबस्क्युअर्ड" (म्हणजे झाकलेली जागा) निवडा. आणि त्याच दिवशी काढलेले शेजारचे बाकीचे फोटो उघड्या लोकेशनने टाकू नका, त्यावरून पण जागा कळते. फोटोच्या मागे ओळखीचा सुळका, देऊळ, पवनचक्की येऊ देऊ नका.

आणि ज्यांना खरंच उपयोग आहे त्यांना सगळं सांगा. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सेरोपेजियावर अनेक वर्षं काम केलंय, तिथल्या वनस्पती उद्यानात या जाती जमवून वाढवल्यात. अशा ठिकाणी फोटो, तारीख आणि जागा कळवा, जात कुठली तेही तिथून कळेल. स्वतः कंद काढून घरी कुंडीत लावायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडून द्या.

अजून एक, पाऊस संपला की हा वेल वाळून जातो, जमिनीत फक्त कंद राहतो. त्यामुळे मे महिन्यात त्याच पठारावर जाऊन "दिसलं नाही" असं लिहिलं तर त्याला अर्थ नाही. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा, तेव्हा दिसलं नाही तर ते लिहा. रुईला हे बंधन नाही, ती बारा महिने उभी असते.

रुईवरच्या अळ्या पण नोंदवू का? (नागपूर)

हो, आवर्जून. पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली तर ती प्लेन टायगर फुलपाखराची. पिवळा-निळा रंगीत नाकतोडा दिसला तर तोही रुईवरचाच, आणि शेंड्याला पिवळे मावे असतातच. पाहुणा आणि झाड यांची नोंद वेगवेगळी टाकायची आणि अळीच्या नोंदीत खाली लिहायचं की कुठल्या जातीच्या रुईवर होती. मोठे काळे भुंगे फुलावर आले तर त्यांचा पण फोटो घ्या, रुईचे पराग सुटे नसतात, छोट्या पिशव्यांमध्ये असतात आणि त्या पिशव्या भुंग्याच्या पायाला अडकून दुसऱ्या फुलावर जातात, झूम करून बघितलं तर कधीकधी पायाला लटकलेल्या दिसतात.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे मुलीच्या शाळेत मोनार्क फुलपाखरासाठी मिल्कवीड नोंदवायला सांगितलंय. तुमचं आवाहन वाचून वाटलं की हे तेच काम आहे. इथे काय बघायचं? (एडिसन)

काम तेच, आणि नातंही जवळचं, मिल्कवीड म्हणजे रुईच्याच कुळातली चिकाची झाडं. मोनार्क आणि आपलं प्लेन टायगर हे दोन्ही डॅनॉस या एकाच प्रजातीतले, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातले, दोघांच्या माद्या याच कुळातल्या चिकाच्या झाडांवर अंडी घालतात. तुमच्याकडे सगळ्यात जास्त दिसेल ती अॅस्क्लेपियस सिरियाका, रुंद पानं, खाली मऊ लव, गुलाबीसर फुलांचे गोल झुबके. ओलसर जागी इन्कार्नाटा, तिची पानं अरुंद. आणि भगव्या फुलांची ट्यूबरोसा, हिला मात्र पांढरा चीक नसतो, त्यामुळे चीक नाही म्हणून मिल्कवीड नाही असं समजू नका.

सिरियाका जमिनीखालून फुटवे काढते, म्हणून मुलीला झाडं मोजायला न सांगता वर आलेल्या काड्या मोजायला सांगा आणि तसं लिहा. रॉकीज पर्वताच्या पश्चिमेकडच्या राज्यांसाठी मिल्कवीड आणि मोनार्कच्या नोंदींचा वेगळा नकाशा आहे, झर्सीज सोसायटी ही कीटकांच्या संवर्धनाचं काम करणारी संस्था आणि सरकारी वन्यजीव विभाग मिळून चालवतात, पण न्यू जर्सी त्यात येत नाही. तुम्ही आयनॅचरलिस्ट वापरा, आणि वसंतात पहिलं मिल्कवीड कधी उगवलं ही नोंद जर्नी नॉर्थला द्या, ते १९९४ पासून अशा नोंदी गोळा करतायत. तुमच्याकडची मोनार्क हिवाळ्यात मेक्सिकोतल्या डोंगरांवर जातात, तिथली त्यांची झाडं बाहेरच्या शास्त्रज्ञांना १९७५ मध्ये कळली. परतीच्या वाटेवर मादी उत्तरेला सरकते ती मिल्कवीड उगवेल तशी, म्हणून उगवण्याची तारीख एवढी मोलाची. मका-सोयाबीनच्या पट्ट्यात तणनाशकांनी शेतातलं मिल्कवीड फार गेलं, त्यामुळे रस्त्याच्या आणि शाळेच्या कडेला राहिलेलं प्रत्येक बेट लिहून ठेवण्यासारखं आहे.

नर्सरीत लाल-पिवळ्या फुलांची कुरासाविका मिळते, आपल्याकडे काही जण जिला हळदीकुंकू म्हणतात तीच. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, आपल्याकडे बागेतून निसटून ओढ्याकाठी पसरलीय. तिची नोंद ठेवा पण "लावलेली" म्हणून, आणि बागेत लावायचीच असेल तर तुमच्याकडची मूळची सिरियाका किंवा इन्कार्नाटा लावा.

एकदा नोंदवलेलं बेट पुढच्या वर्षी परत नोंदवायचं का? (शिक्षक, चाळीसगाव)

हो सर, त्याच जागेची नवीन तारखेने नवीन नोंद करायची, जुनी खोडून बदलायची नाही. रस्ता रुंद झाला, जेसीबी फिरला, पडीक जमिनीवर प्लॉट पडले आणि रुई गेली तर तेही लिहायचं, "होती, आता नाही, कारण रस्ता रुंदीकरण", कारण माहिती नसेल तर कारण लिहू नका. नोंदी ३१ मेपर्यंत पाठवा, तालुका आणि जिल्हा वर ठळक लिहा, म्हणजे इकडे लावायला सोपं जाईल.